सरुबाईंचे चार आकडे

मळवली,
रविवार, ता. २ फेब्रुवारी १९४१

१. ता. २० ते २४ जानेवारी या पाच दिवसांत मी येथील चोवीस बायकांची स्मरणशक्ती मोजली.
२. चोवीसही जणींचे उत्तर एकच आले : चार.
३. तक्ता प्रोफेसरांकडे पाठवला.
४. काल त्यांचे पत्र आले. आकडे मी खोलीत बसून मनाने लिहिले, असे त्यांचे मत आहे.

सौ. द्वारकेस अनसूयेचा सप्रेम नमस्कार. (तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहायला अजून हात अडखळतो.) हकीकत आधी आणि क्षेमकुशल मागून, असा उलटा क्रम झाला खरा. तर तुझी प्रकृती, यजमानांची प्रकृती आणि सासूबाईंचा दमा या तिन्हींची चौकशी येथे एकत्र केली आहे असे समजावे. मी ठीक आहे. (लोणावळा स्टेशनाच्या काट्यावर माझे वजन गेल्या महिन्यापेक्षा दोन रत्तल कमी भरले, काटा भरवशाचा नसावा.)

पद्धत तुला ठाऊक आहे, एम. ए.च्या वर्गात आपण दोघी ती एकाच बाकावर बसून शिकलो. माणसाला शांत खोलीत एकटे बसवायचे, सेकंदाला एक या गतीने आकडे सांगायचे, त्याने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. आधी तीन, मग चार, मग पाच. दोनदा चुकले की थांबायचे. पुस्तकाने शांत खोली आणि एकटे माणूस या दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. खोली मला मिळाली (ज्या बंगल्यात मी राहते त्याचे मालक मुंबईला असतात), एकटे माणूस मात्र सबंध गावात मिळेना. एकीला बोलावले की सहा येत. एकीला आत घेऊन दार लावले, तर बाहेरून “हिनं काय केलंय म्हून कोंडलीया?” अशी विचारणा झाली. शेवटी मी दार उघडे ठेवले आणि बाकीच्यांनी भिंतीला टेकून मुकाट्याने बसावे असे ठरवले. (येथे चूक झाली. ती माझी.)

पहिल्या बसल्या सरुबाई. वय सत्तरीपुढे, निम्म्या गावाच्या सासू, चुलतसासू किंवा आजेसासू (सगळ्या सुना त्यांना आत्याबाई म्हणतात). मी म्हटले, पाच, दोन, आठ. त्यांनी विचारले, “आठ कशाचं?” मी सांगितले, कशाचेच नाहीत, नुसते आठ. “नुसतं आठ कुटं असत्यात व्हय?” असे म्हणून त्यांनी तीन आकडे म्हटले, चारही म्हटले, आणि पाचांना हात झटकला. “ऱ्हाऊ दे बाय, चार लय झालं.” मी चार लिहिले. मग त्यांची सून नंदाबाई बसली. तिने चार आकडे इतके खडाखडा म्हटले की मी पुढे सात-आठ लागतील म्हणून पेन्सिलीला टोक करून घेतले. पाचांना ती पदर तोंडाला लावून गप्प. पुढे शालूबाई, चार. शुक्रवारी चोविसावी, चार. मी सरासरी काढली. मग स्टँडर्ड डेव्हिएशन काढले, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगले त्याचे माप (हे तुझ्याकरिता नव्हे, पत्र घरात आणखी कोणी वाचत असल्यास त्यांच्याकरिता). ते शून्य आले. असे शून्य मी पूर्वी एकदाच पाहिले होते, बी. एस्सी.ला, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात. तेव्हा बॅटरी जोडायची राहिली होती. तरी तक्ता पाठवला, कारण दिसले ते लिहावे असे आपल्याला शिकवले आहे.

प्रोफेसर लिहितात, चोवीस माणसे एकसारखी उत्तरे देत नाहीत. तशी उत्तरे टेबलाशी बसलेला एकच विद्यार्थी देतो. महिनाअखेरपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास प्रबंध स्वीकारला जाणार नाही.

ते वाचून मी पायरीवर बसले होते. बंगल्याची राखण करणाऱ्या झुंबरबाई समोर भांडी घासत होत्या. मोजणीचे पाचही दिवस त्या भिंतीशी बसून होत्या आणि त्यांचेही उत्तर चारच. “ताई, त्वांड का उतरलंय?” मी कारण सांगितले. (सांगणार नव्हते, पण त्या दिवसात माझ्याशी कोणी बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.) त्या इतक्या हसल्या की हातातला तांब्या निसटला. “आवं, आत्याबाई चारावर थांबल्या. मंग सुना पाचावर जात्याल व्हय? गावात ऱ्हायचंय का न्हाई आमाला?” मी विचारले, म्हणजे पाच येत होते? झुंबरबाई राखेचे हात तसेच धरून म्हणाल्या, “सात, एक, नऊ, चार, सहा. हे शालूबाईचं. नंदाबाईचं सांगू?” त्यांनी सहा जणींचे सांगितले. मी माझ्याकडची तक्त्याची नक्कल आणून ताडून पाहिली. तीस आकडे, मध्ये दहा-बारा दिवस गेलेले, चूक एकही नाही.

हे मी प्रोफेसरांना कळवले आहे. बाकी येथे मला काही कमी नाही. खोली पुरेशी आहे आणि काम पुरेसे आहे.

तुझी,
अनसूया

ता. क. १ : मोजणी पुन्हा करावी लागणारच, आणि ती करताना पद्धत शिकलेला दुसरा निरीक्षक हजर असावा, ही प्रोफेसरांची अट त्याच पत्रात आहे. सरुबाई ता. १५ला तीन दिवस कान्ह्याला लेकीकडे जाणार आहेत. तेवढ्यात उरकले पाहिजे. तू यावेस. एकीने दार लावून आत मोजावे, दुसरीने पडवीत बायकांना बोलण्यात गुंतवावे आणि भिंतीआडून ऐकू येतील ते आकडे टिपावेत. बोलण्याचे काम तुझे. तुझ्या सासूबाईंना मोजणीचे सांगू नकोस, हवापालट सांग.

ता. क. २ : तुझ्या लग्नाला न येण्याचे कारण मी परीक्षा असे कळवले होते. परीक्षा आदल्या दिवशी संपली होती.

ता. क. ३ : निरीक्षक कोणीही चालेल. पुण्यात पद्धत शिकलेली अकरा माणसे आहेत. मी त्यांतल्या कोणालाही विचारलेले नाही. रविवार ता. ९पर्यंत उत्तर पाठव. येणार नसलीस तरी पाठव.