सोमवारच्या आत

प्रिय तान्झिल्या,

तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, आणि त्यात तुझी काही चूक नाही. त्या परिषदेत तू सांगितलंस, की विश्वाच्या सगळ्यात जुन्या प्रकाशात तीनच जातींच्या न्यूट्रिनो-कणांच्या खुणा दिसतात, चौथ्याला तिथे जागा नाही. मी भर सभेत उठून म्हणालो, "पोरी, आकाशाकडे बघून अंदाज बांधणं सोपं असतं. आम्ही डोंगराच्या पोटात बसून एकेक अणू मोजतो." लोक हसले. तू कागद आवरून खाली बसलीस.

इथे बाक्सानच्या खोऱ्यात अजून बर्फ आहे. सावेलीकाका अंथरुणाला खिळलाय. स्वादुपिंडाचा कर्करोग. डॉक्टरांनी महिनाभराचाच अवधी सांगितलाय. मी रोज घरचं घुसळलेलं खारं आयरान घेऊन जातो, दोन घोटसुद्धा उतरत नाहीत. पण मला पाहिलं की विचारतो, "काय रे हिझिर, आला का आपला चौथा पाहुणा?" सव्वीस वर्षं आम्ही दोघं बोगद्यातल्या त्या गाडीतून आत जातोय. गॅलियमच्या टाकीत मधोमध किरणोत्सारी क्रोमियम ठेवायचं, त्यातून सुटणाऱ्या न्यूट्रिनोंनी जर्मेनियमचे किती अणू घडवले ते मोजायचं. या वेळी पुन्हा पाचवा हिस्सा कमी भरला. हरवलेले न्यूट्रिनो वाटेतच रूप बदलून कशालाच न शिवणारे, चौथ्या जातीचे झाले, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या महिन्यात मी आकडे पुन्हा तपासले. क्रोमियमची ताकद त्याच्या उष्णतेवरून काढतात. उष्णतामापक बदलल्यावर दुरुस्तीचा आकडाही नवा घ्यायला हवा होता. मी जुनाच घेतला. माझ्याच अक्षरात आहे तो. त्यामुळे क्रोमियम होतं त्याहून जोरकस वाटलं, आणि अपेक्षा फुगली. खरा आकडा घातला, आणि आमची तूट नाहीशी झाली. मी चार वेळा गणित केलं, बाळा. चारही वेळा तेच.

त्याच दुपारी सावेलीने पुन्हा विचारलं. सांगायलाच गेलो होतो. पण माझा हात धरून तो म्हणाला, "खरं सांग, मी आयुष्य फुकट नाही ना घालवलं?" आणि मी म्हणालो, "पाहुणा आला, सावेली. पक्का आला." तो रडला. झोयाकाकूही रडली. मग काकूने उत्साहाने संस्थेत कळवलं, संस्थेने वर्तमानपत्रांना. त्यानंतर तीनदा मी खरं सांगायचं ठरवून त्याच्या उशाशी बसलो आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो. काल तर त्याने मला घोषणेच्या दिवशी घालायचा कोट दाखवला. "सैल होतोय का रे?" म्हणाला.

सोमवारी त्याला चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणणार आहेत. घोषणा तो करणार, आकडे मी दाखवायचे. माझा स्वतःवर भरवसा उरलेला नाही. त्याचा चेहरा बघून मी पुन्हा मान डोलावेन अशी भीती वाटते. म्हणून मोजणीची मूळ वही या पत्रासोबत पाठवतोय. तुझ्या बॉनला निघालेल्या एका सहकाऱ्याच्या हाती देतोय, शनिवारी तुला मिळेल. सदतिसावं पान बघ, तो जुना आकडा तिथेच आहे. सोमवारी मी खरं बोललो नाही, तर मंगळवारी तू ते जगासमोर ठेव. बापाचं नाव आहे म्हणून थांबू नकोस. फक्त सावेलीचं नाव त्यात घालू नकोस, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

तुझाच,
बाबा