बसूचा सोमवार

सिद्रामप्पा यांस,

१. दर सोमवारी बसू बैलाच्या लघवीत ॲलन्टॉइन कमी येत असे.
२. तुम्ही लघवी सांडता आणि बाटली पाण्यानं भरून काढता, असं मी रजिस्टरात लिहिलं.
३. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तुम्हाला गोठ्यातून काढलं.
४. महिन्याच्या आत तुम्ही मंगळवेढ्याला, मुलीच्या घरी, तापानं गेलात.
५. तोवर मोजणी बंद होती. त्यानंतरच्या तिन्ही सोमवारी आकडा तसाच खाली आला. बाटल्या मी स्वतः भरल्या होत्या.

वर्षाचा अहवाल येत्या मंगळवारच्या टपालानं पुण्याला जायचा आहे. त्यात तुमच्याविषयीचं माझं वाक्य आहे. म्हणून आज लिहिते आहे.

तुम्हाला अक्षर वाचता येत नसे, हे मला ठाऊक आहे. आता येतं की नाही, ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही रबरी पिशवी बसूच्या पोटाखाली बांधत होतात. मी सांगत होते की जनावराच्या पोटात काय गेलं नि अंगात काय झिजलं, ते लघवीतून कळतं. खाणं घटलं की ॲलन्टॉइन उतरतं. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "अक्का, लोकं शेण येचत्यात, तुमी मूत मोजता. सासू काय म्हनंल?" मी म्हटलं, मला बाई म्हणा. "व्हय अक्का," म्हणालात!

सोलापुरात माझ्याशी कुणी थट्टा करत नसे. तुमची मला आवडत असे. तसं मी कधी दाखवलं नाही.

सोमवार बसवाचा, म्हणजे नंदीचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे तुम्ही मला सांगितलं होतं. तुमचा स्वतःचा उपास असे, सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. पण आपल्या गोठ्यातल्या बैलांना जू नव्हतंच. म्हणून मी ते ऐकून सोडून दिलं. कसं सोडलं मी?

दुपारी मी वही घेऊन यायची नि विचारायची, "सकाळची वैरण संपली?" तुम्ही म्हणायचात, "गव्हाण रिकामी हाय की." मी 'पूर्ण खाल्ली' असं लिहायची. कुणी खाल्ली, हे मी एकदाही विचारलं नाही. शेजारी बांधलेल्या मेंढ्यांचीही लघवी मी मोजत असे. सोमवारी त्यांचा आकडा चढायचा, तो मी माझ्या हाताची चूक धरला. बैलाचा उतरायचा, तो तुमच्या हाताची. अप्पा, हिशेब किती सोयीचा होता!

पण तुम्हीही का बोलला नाहीत? बसू सोमवारी खात नाही, वैरण मेंढ्यांना घालतो, एवढं सांगायचं होतं. मी त्याला जबरदस्तीनं खायला लावीन, असं वाटलं का? साहेबांसमोर तुम्ही एवढंच म्हणालात, "म्या पानी घातलं न्हाय. बसूला इचारा." साहेब हसले. मीही हसले असेन.

तुमची घोंगडी न्यायला तुमची मुलगी गौरव्वा आली होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "अक्का, अप्पा तापात पानी मागायचा. तांब्या तोंडाला लावला की तोंड फिरवायचा. म्हनायचा, पान्याचा आळ हाय माज्यावर. पानी नगं."

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. सडू नयेत म्हणून वर टोल्युइन घालून ठेवलेल्या तुमच्या वेळच्या बाटल्या तिथं होत्या. मी त्यांतलं क्रिएटिनीन मोजलं. ते मांसातून येतं. जनावर खावो न खावो, रोज जवळजवळ तेवढंच. लघवी सांडून पाणी घातलं असतं, तर दिवसाचं क्रिएटिनीनही घटलं असतं. क्रिएटिनीन असलं की नारिंगी रंग देणारं पिक्रिक आम्ल नि कॉस्टिक सोडा घातला, आणि सोमवारच्या बाटल्यांना रविवारसारखाच नारिंगी रंग आला. एकाही बाटलीत तूट नव्हती. ही परीक्षा मला आधीही येत होती. मी केली नाही, कारण मला खात्री होती.

आता तुमच्या जागी हणमंत आहे. पहिल्या सोमवारनंतर तो म्हणाला, "बाई, सोमवारी म्या हितं थांबायचा न्हाय. बैल जागा देतुया."

"कुणाला?"

"त्ये मला काय इचारता?"

म्हणून दुसऱ्या सोमवारी मी स्वतः बसले. उजाडताच बसू भिंतीकडून दीड हात सरकला. भिंत आणि तो यांच्यामध्ये एक माणूस उकिडवा बसेल एवढी जागा झाली. समोर ताजा कडबा होता. त्यानं हुंगलाही नाही. दिवसभर कान मात्र त्या जागेकडे.

सूर्य मावळला. त्यानं मान खाली घातली, बसलेल्या माणसाच्या तळहाताएवढ्या उंचीवर, आणि जीभ बाहेर काढून हवेतलं काहीतरी घेतलं. ते चावलं. मग कडब्याला तोंड लावलं.

तिसऱ्या सोमवारी मी त्याला दुसऱ्या गोठ्यात बांधलं. दार लावलं, गव्हाणीची दिशा बदलली. तो पुन्हा दीड हात सरकला. संध्याकाळी मी त्या मोकळ्या जागी भाकरीचा तुकडा धरला. बसूनं माझा हात टाळला. तोंड शेजारी नेलं, आणि चावू लागला.

 मी भाकरी खाली ठेवली नि वहीत वेळ टिपली. लिहिताना मी थोडी बाजूला सरकून बसले होते, हे नंतर लक्षात आलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ती जुनी नोंद राहू द्या. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" गौरव्वाला पडतो. मला पडतो. तुम्हाला पडतो असं मला आता वाटतं, आणि असं वाटणं माझ्या शिक्षणात बसत नाही.

मंगळवारी टपाल निघण्याआधी ते वाक्य मी खोडीन. शेजारी लिहीन की आळ खोटा होता, परीक्षा न करता मी तो घेतला, आणि खाली माझं पूर्ण नाव. साहेबांनी मला काढलं तर काढोत. मंगळवेढ्याला जाऊन गौरव्वाला ते वाचून दाखवीन. हे मी करणारच, तुमचं उत्तर येवो न येवो.

फक्त सोमवारी आकडा का उतरतो, तो 'कारण' हा रकाना रिकामा आहे. बसूला सवय लागली असं लिहू, की तुम्ही येता असं लिहू? अंदाजानं मी एकदा लिहिलं आहे. पुन्हा लिहिणार नाही.

तरी येत्या सोमवारी सूर्य मावळण्यापूर्वी उत्तर द्यावं, ही विनंती.

इंदुमती