ट्राउडलची इटली

ड्योबेल्न, रविवार, ८ एप्रिल १९९०

चि. ट्राउडल हिला थोरल्या भावाचे आशीर्वाद वि. वि.

तुझं ईस्टरचं पार्सल पोहोचलं. कॉफीच्या वासाने जिन्यावरची चारही दारं उघडली आणि मला प्रत्येकाला एकेक कप पाजावा लागला. असो. आता बसून घे, कारण पुढचं वाक्य उभ्याने वाचायचं नाही. आपण दोघं इटलीला जायचं.

बर्लिनची भिंत पडून पाच महिने झाले तरी मी अजून सकाळी उठून आधी खिडकीतून बघतो, सगळं जागच्या जागी आहे ना. आहे. जुलैत मी निवृत्त होतोय. उन्हाळ्यात तुमचं पश्चिमेचं चलन आमच्याकडे पूर्वेत येणार म्हणतात. तेव्हा सप्टेंबर. एक्केचाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि पाहिलं काय, तर एकदा प्राग आणि दोनदा बाल्टिकचा किनारा. शाळेत पाठ केलेल्या दक्षिणेच्या कविता मात्र अजून तोंडात आहेत. भांडी घासताना म्हणतो, त्यामुळे भांडी फार वेळ घासली जातात.

शाळा जुने नकाशे टाकून देत होती. इटलीचा मी उचलून आणला. स्वयंपाकघराची अख्खी भिंत त्याने भरली आहे, इटलीच्या बुटाची टाच पार कोळशाच्या बादलीपर्यंत येते. त्यावर मी तेवीस टाचण्या टोचल्या. तुझ्या इटलीहून आलेल्या तेवीस कार्डांच्या. आमच्या पाठ्यपुस्तकात इटलीला सव्वा पान होतं, मोटारींचे कारखाने, संप आणि गंधक. ते मी दहा मिनिटांत उरकायचो आणि मग पोरांना सांगायचो, की माझ्या माहितीतलं एक माणूस तिकडे जाऊन आलंय. मग तुझी कार्डं सुरू. सिएनाची विहीर, तिच्या कठड्यावर बसून तू खाल्लेला बदामाचा केक. फ्लोरेन्सच्या पुलावर पाऊस आला तेव्हा तुला आडोसा देणारा हातमोजेवाला. रोममध्ये तुझ्या मांडीवर येऊन झोपलेलं मांजर. व्हेनिसला तू सूर्य खुल्या समुद्रात बुडवला आहेस. तिथे समुद्र पूर्वेला आहे, बाई. एकोणतीस वर्षं मी वर्गात तो सूर्यास्त गुपचूप सूर्योदय करून सांगतोय. दिशांच्या बाबतीत तू लहानपणापासून अशीच.

तर बेत असा. म्युनिक, वेरोना, व्हेनिस, फ्लोरेन्स, सिएना, रोम. सोळा दिवस. आजोबांचं १९०८ सालचं लाल प्रवासपुस्तक मी पुन्हा काढलं आहे. नुसती शहरं बघायची तर ती मी कुणाबरोबरही बघेन. मला तू पाहिलेली इटली बघायची आहे, तुझ्याबरोबर, तू जिथे बसलीस तिथे बसून.

उलट टपाली हो कळव आणि आहे तशी माया राहू दे.

तुझा एडमुंड

•

कासेल, १७ एप्रिल १९९०

प्रिय भाऊ एडमुंड यास स. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं, तेही उभ्यानेच. समोर माल्योर्काला जाणारं एक कुटुंब बसलं होतं. त्यांना मी चुकून परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं देत होते, यावरून काय ते समज.

मास्तर, तुमच्या त्या लाल पुस्तकात घोडागाडीचे दर आणि मलेरियाच्या गोळ्यांची शिफारस आहे. त्यातली निम्मी हॉटेलं पहिल्या युद्धाच्या आधी बंद पडली असतील. त्याच्या भरवशावर निघालास तर तुला घेऊन यायला घोडागाडीच करावी लागेल.

इटली आता पूर्वीची राहिलेली नाही रे. व्हेनिसला उभं राहायला जागा नसते आणि सिएनाची ती विहीर बुजवली असंही ऐकलं. शिवाय माझा उजवा पाय. डॉक्टर म्हणतात दगडी रस्ते टाळा. त्यापेक्षा आपण बोडनसेला जाऊ. तळं आहे, बोट आहे, पलीकडे आल्प्स दिसतात. मी तिथे दोनदा जाऊन आले आहे, खरंच छान आहे. इटलीचा, खरं सांगायचं तर, मला कंटाळाही आला आहे.

रागावू नकोस. नकाशा बघून डोळे शिणतील, रोज कोमट पाण्याने धूत जा. लोभाची सवय मोडू देऊ नये.

तुझी ट्राउडल

•

ड्योबेल्न, २५ एप्रिल १९९०

चि. ट्राउडल हिला आ. वि. वि.

इटलीचा कंटाळा आलेला माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि तो नेमका माझ्या घरातला निघावा? पायाचं ऐकून वाईट वाटलं, पण त्याचा बंदोबस्त केला आहे. बेत सोळा दिवसांऐवजी बावीस दिवसांचा केला. दर तासाला बाक शोधायचा, थर्मास उघडायचा, बसायचं. सप्टेंबरला बरं वाटलं नाही तर पुढच्या वसंतात जाऊ. तेव्हाही नाही तर त्याच्या पुढच्या. पण तुझ्याशिवाय मी म्युनिकच्या पुढे पाऊल टाकणार नाही. बोडनसे तळं आहे, ट्राउडल. तळी आमच्याकडेही आहेत.

आणि आता मोठी बातमी. सहा जुलैला शाळेत माझा निरोपसमारंभ. ज्या मुख्याध्यापकांनी १९६९ साली मला बोलावून विचारलं होतं, की इटलीतल्या मांजरांचा अभ्यासक्रमाशी काय संबंध, त्यांनीच परवा सुचवलं, की आता काही अडचण नाही, तुमच्या भगिनींची कार्डं सभागृहात लावू या आणि त्यांनी स्वतः येऊन मुलांना इटली सांगावी. मी हो म्हणून बसलो. गावभर झालं आहे. मांसाच्या दुकानातली झेंकेबाई, जी चौसष्ट साली माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, ती काल सॉसेज तोलता तोलता विचारत होती, की तो हातमोजेवाला अजून आहे का. मी म्हटलं, ट्राउडलच येऊन सांगेल.

सिएनात त्या विहिरीजवळ तू कुठे उतरली होतीस, त्या जागेचं नाव तेवढं कळव. मला तिथेच खोली हवी आहे. बाकी मी चालत्या गाडीत बसल्यासारखा झालो आहे. लोभ आहेच, त्यात भर पडावी.

तुझा एडमुंड

•

कासेल, ३ मे १९९०

प्रिय एडमुंड,

स. न. वि. वि. आज थट्टा नाही.

मी सिएनात कुठेच उतरले नव्हते. मी सिएनाला गेलेच नाही. व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम, कुठेच नाही. इटलीत माझं पाऊलही पडलेलं नाही. समुद्र पूर्वेला आहे हे मला तुझ्याच पत्रावरून कळलं.

ऐक. अठ्ठावन्नला मी कुणाला न सांगता एक पिशवी घेऊन इकडे पश्चिमेला निघून आले आणि आईला तुझ्या गळ्यात टाकून आले. स्टेशनवरून चिठ्ठी टाकली होती, जग बघायला जाते. जग म्हणजे भाड्याची एक खोली आणि ऑफिसातलं तीन नंबरचं टेबल. दोन वर्षं आईच्या हातची एक ओळ आली नाही. मग एक जोडपं व्हेनिसची तिकिटं न्यायला आलं. त्यांना मी एक लिहिलेलं कार्ड दिलं आणि म्हटलं, तिथे चित्राचं घेऊन त्यावर एवढं उतरवून काढा आणि टाका, माझा हात दुखावला आहे. तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं. माझं अक्षर का बदललं असं तिने विचारलं नाही. ते कार्ड तिने सगळ्या आळीत वाचून दाखवलं होतं. त्यानंतर मी खोलीतून ऑफिसला जाते आणि ऑफिसातून खोलीत येते, हे कसं लिहू? पुढे पुढे गिऱ्हाइकं चित्राची कोरी कार्डं आणून द्यायची, मी लिहायचे, दुसरी गिऱ्हाइकं नेऊन टाकायची. आई गेल्यावर थांबणार होते. तर तू विचारू लागलास. चार वेळा तुझ्याकडे येऊन गेले आणि चारही वेळा इटली निघाली, की मी तुझ्या सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

स्वतः जायला आधी पैसे नव्हते आणि नंतर धीर नव्हता. मला तिथली एकही गल्ली माहीत नाही. फक्त गाड्या माहीत आहेत. हजारो लोकांना चढवून दिलं ना.

पायाला काहीही झालेलं नाही. सहा जुलैला मी येऊ शकत नाही, कार्डं लावू नकोस. बाकी तू ठरवशील ते.

ट्राउडल

•

ड्योबेल्न, २९ मे १९९०

चि. ट्राउडल हिला,

आशीर्वाद वि. वि. तीन आठवडे लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी टाचण्या काढायला घेतल्या. नऊ काढल्या आणि रोमच्या टाचणीला थांबलो. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. तू गेल्यावर आईने दोन वर्षं घरात तुझं नाव घेतलं नाही आणि मलाही घेऊ दिलं नाही. ताटं मांडताना चुकून तिसरं आलं, की स्वतःच उचलून ठेवायची. तिने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं ते व्हेनिसचं कार्ड आल्यावर. सत्तरच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. आमचं सरकार तुला येऊ देत नव्हतं. रोज दिवे लावले, की ती मांजराचं कार्ड वाचायला लावायची. जानेवारीत, जायच्या आदल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "बरं झालं पोर गेली. इथे तिला कुठलं रोमचं मांजर मिळालं असतं?"

म्हणजे तुला तिने माफ केलं ते त्या मांजरासाठी, आणि मांजर नव्हतंच. हे मी तीन आठवडे उलटसुलट करत बसलो. आधी तुझा राग आला. आठशे पोरांना मी सांगितलेला हातमोजेवाला कासेलच्या तीन नंबरच्या टेबलावर जन्माला आला होता. मग आईची दया आली. मग वाटलं, आईला फसवलं हे म्हणायचा हक्क आईचा, माझा नाही. आणि परवा पायमोजे रफू करताना ती काय म्हणाली असती ते मला अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं. तुला म्हणाली असती, इतकी वर्षं सांगतेयस तर आता जाऊन बघून तरी ये.

तर जायचं. राग थोडा शिल्लक आहे, तो गाडीत काढीन, वेळ पुष्कळ आहे. पण गंमत बघ, गेल्या रविवारपासून मला पुन्हा झोप येत नाही, आणि या वेळी आनंदाने. इतके दिवस मी तुझ्या मागून चालणार होतो. तू दाखवणार, मी बघणार. आता आपल्यात कुणीच जाऊन आलेलं नाही. पासष्ट आणि एकोणसाठ वर्षांची दोन माणसं पहिल्यांदा एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघणार.

मुख्याध्यापकांना सांगितलं, कार्डं घरगुती आहेत, घरातच राहतील. झेंकेबाईला सांगितलं, हातमोजेवाल्याची खात्री सप्टेंबरनंतर देतो. सहा जुलैला तू ये. तुला बोलायला कुणी लावणार नाही.

बेतात एकच बदल. गाड्या तुझ्याकडे, मी बोलणार नाही. पण पहिला मुक्काम मी ठरवला आहे. व्हेनिस नाही, फ्लोरेन्स नाही. नकाशावर टाचणी न लागलेलं गाव शोधत होतो, वेरोनाच्या खाली सापडलं. मांतोवा. तीन बाजूंनी पाणी आहे, एवढंच नकाशा सांगतो. तू तिथलं काहीही लिहिलेलं नाहीस, मी तिथलं काहीही शिकवलेलं नाही. लाल पुस्तकातलं ते पान मी न वाचता पिनेने बंद केलं आहे. सुरुवात तिथून.

माया आहे. ती पुरवून वापरू नकोस.

तुझा एडमुंड

•

कासेल, ४ जून १९९०

प्रिय एडमुंड यास स. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सुट्टी संपली तरी खिडकी उघडली नाही. बाहेर रांग लागली होती. लागू दे म्हटलं.

म्युनिकहून रात्रीची गाडी घ्यायची नाही, दिवसाची घ्यायची, म्हणजे डोंगर दिसतील. तू खिडकीशी. नाही, मी खिडकीशी, तू परतताना. वेरोनाला उतरून गाडी बदलायची. मांतोव्याची गाडी छोटी असते, पाऊण तासात पोहोचवते, डबे कमी म्हणून पुढे उभं राहायचं. पाव आणि उकडलेली अंडी मी आणते, थर्मास तुझा. दोन्ही तिकिटं आज मीच काढली, माझ्याच टेबलावर. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच का तुम्ही स्वतःचं नाव घालताय. मी हो म्हटलं.

सहा जुलैला येते. प्रवास सांभाळून करू, भेट लवकर होवो.

आणि मांतोव्याला स्टेशनाबाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

तुझी ट्राउडल