झरा साफ केल्याबद्दल

महाड, ९ जून

तीर्थस्वरूप रूपाली आत्यास,

प्रियदर्शिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (पपा म्हणाले, शिरसाष्टांग हल्ली कोणी लिहीत नाही, नुसतं 'सा. न.' पुरे. पण मी जे करून ठेवलंय त्याला आठही अंगं लागतील असं मला वाटतं.) आम्ही इकडे बरे आहोत. तुझी पाठ कशी आहे? मंगेशकाकांची कामाची पाळी बदलली का? मुंबईत उकाडा फार असेल. इथेही आहे. यापुढे विचारायला काही सुचत नाही आणि मुद्द्यावर यायला धीर होत नाही, म्हणून आधी पत्र का लिहिते ते सांगते. तू माझा फोन उचलत नाहीस आणि 'आपली माणसं' या ग्रुपमधून बावीस एप्रिलला बाहेर पडलीस. त्या ग्रुपवर आता पपा रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात आणि मी त्याला हात जोडते. तिसरं कोणी काही बोलत नाही. पण दारातून आत आलेलं पत्र फोडल्याशिवाय तुला राहवणार नाही, असं पपा म्हणाले. (लहानपणी तू शेजाऱ्यांचीही पाकिटं वाफेवर धरून उघडायचीस, असंही म्हणाले. ते मी मनावर घेतलेलं नाही.)

तर यंदा आमच्या कॉलेजात अकरावीला 'सर्जन, कृती, सेवा' नावाचा उपक्रम निघाला. काही नवं घडवायचं ते सर्जन, अंग मोडून करायची ती कृती, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं ती सेवा, सगळं वर्गाबाहेर. प्रत्येकाचे तास वहीत लिहायचे, फोटो चिकटवायचे आणि शेवटी 'चिंतन' नावाच्या चौकटीत आपण काय शिकलो ते मांडायचं. बाकीच्यांनी शहाणपणा केला. कोणी बालवाडीच्या भिंतीवर अक्षरं रंगवली, कोणी रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटली. मला, ओमला आणि ऋतिकाला मात्र तिन्ही एकाच ठिकाणी उरकायचं होतं. ओमकडे चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आहे, ऋतिकाची चित्रकला उत्तम आहे, आणि माझ्याकडे काय आहे असं दोघांनी विचारल्यावर मी म्हटलं, माझ्याकडे आत्याचं सासर आहे.

शिवथरच्या अंगाला तुमच्या वाडीवरचा झरा तुला मी काय सांगणार? पण तू बऱ्याच वर्षांत उन्हाळ्यात तिकडे गेली नाहीस म्हणून सांगते. नळ मार्चमध्येच कोरडे पडतात. मग सगळी वाडी त्या उंबराखालच्या झऱ्यावर. करंगळीएवढी धार, हंडा भरायला पाव तास, बायका ओळीने बसलेल्या. धार निघते तिथे शेवाळलेला एक मोठा दगड, त्याभोवती मुळ्या, चिखल, कुजलेला पाला. आम्ही तिघांनी ते पाहिलं आणि आमच्या मनात एकच आलं, की एवढ्या वर्षांत हे कोणाला साफ करावंसं कसं वाटलं नाही. (आत्या, हे वाक्य माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. खोडलं तर पान फाटेल इतकं दाबून लिहिलंय.)

तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या बनुआजींनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही पहार आणि घमेली घेऊन त्यांच्या अंगणात उभे होतो. त्या म्हणाल्या, "पाला काढा, चिखुल काढा. त्या दगडाला हात लावू नको गो. तो बसलाय तसा बसू दे." मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. मुळ्यांमुळे पाण्याची वाट अडते, ती मोकळी केली की धार वाढते, वगैरे. त्या ऐकत होत्या आणि नाचणी निवडत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आजी, हे विज्ञान आहे." त्यांनी नाचणीतला एक खडा टिपून बाजूला टाकला. मग मी तुला फोन लावला, तू त्यांच्याशी बोललीस, "करू द्या पोरांना, कॉलेजचं काम आहे," असं म्हणालीस, आणि सुनेच्या शब्दाबाहेर कसं जायचं म्हणून त्या आत गेल्या. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तू मुंबईत होतीस. दगड माझ्यासमोर होता.

दोन दिवस आम्ही राबलो. मुळ्या तोडल्या, चिखल उपसला, आणि तिघांनी पहार घालून दगड उलथला. ऋतिकाने बाजूच्या कातळावर निळे मासे काढले. (या डोंगरात मासे कुठून, असं मी विचारलं, ती म्हणाली, ते सर्जन आहे.) आणि आत्या, खोटं सांगत नाही, मनगटाएवढी धार सुटली. बायका हसायला लागल्या, मुलं खाली बसून डोकी भिजवायला लागली, ओमने व्हिडिओ काढला. कॉलेजच्या मॅडमना पाठवला तर त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवला. त्या संध्याकाळी एसटीत मी खिडकीशी बसून आले आणि मला वाटलं, आपण पुढे याच कामात पडावं. ते वाटणं एकच दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी धार पुन्हा करंगळीवर आली. तिसऱ्या दिवशी थेंब. चौथ्या दिवशी नुसती ओल, आणि वर ऋतिकाचे मासे. वाडीतले कोंडाजीबाबा काठी टेकत आले, दगडाच्या जागी बराच वेळ हात घालून चाचपत राहिले आणि म्हणाले, "पाण्याला टेकू व्हता तो. त्यानं वाट बदलली." कुठे बदलली ते तासाभराने कळलं. खालच्या अंगाला जानूबाबांच्या गोठ्यात म्हैस अचानक उभी राहिली ती बसेना. तिच्या पायाखालून झरा निघाला होता.

जानूबाबांच्या ऐवजी दुसऱ्या कोणाचा गोठा असता तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण बांधावरच्या आंब्यावरून तुमच्या घरात आणि त्यांच्यात अकरा वर्षं बोलणं नाही, हे मला पहार उचलण्याआधी माहीत नव्हतं. वाडीतल्या बाकी बायकांनी त्याच दुपारी गोठ्यात हंडे नेऊन ओळ लावली. (म्हशीला बाहेर चिंचेखाली बांधलं. ती अजून आमच्याकडे बघून मान फिरवते.) बनुआजी तेवढ्या गेल्या नाहीत. त्या कळशी घेऊन खालच्या वाडीच्या विहिरीवर जायला लागल्या. उतरायला अर्धा तास, चढायला त्याहून जास्त, वयाच्या सत्तराव्या वर्षी. आम्हाला कोणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आम्ही घरी बसून व्हिडिओला गाणं कुठलं लावावं यावर भांडत होतो. वीस एप्रिलला भरली कळशी घेऊन चढताना सुटलेल्या मुरुमावर त्यांचा पाय सरकला. कळशी वाचवायला गेल्या आणि उजव्या हातावर पडल्या.

त्यांना डोलीतून सडकेपर्यंत आणलं हे तुला ठाऊक आहे. एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. डोलीचा पुढचा दांडा कोंडाजीबाबांच्या मुलाच्या खांद्यावर होता आणि मागचा जानूबाबांच्या. त्या वेळी वाडीत अंगाने धड असा दुसरा माणूसच नव्हता, बाकी सगळे मुंबईला. बनुआजी पूर्ण वाट समोर बघत राहिल्या, एकदाही मागे वळल्या नाहीत. सडकेवर डोली टेकल्यावर जानूबाबा तिथे वाट बघत उभ्या असलेल्या माझ्या पपांना हळूच म्हणाले, "हाड सरळ बसवायला सांगा. भाकरी थापणारा हात हाय."

चार दिवसांनी प्लॅस्टर घेऊन त्या वाडीवर परतल्या. आमच्या घरी राहा म्हणून आई पाया पडली, पण नाही. मग सुट्टीत आम्ही तिघांनी ठरवलं, त्यांचं पाणी आपण भरायचं. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने यायचं. त्यांची अट एकच: पाणी खालच्या विहिरीचं हवं. दोन दिवस आम्ही प्रामाणिकपणे उतरलो आणि चढलो. तिसऱ्या दिवशी ओमचा गुडघा सुजला, माझ्या मानेला उशीसुद्धा सहन होईना अशी अवस्था झाली, आणि आम्ही अपराधी माणसं दुसऱ्या अपराधाला तयार झालो. जानूबाबांच्या गोठ्यात हंडे भरायचे, मागच्या करवंदीतून वळसा घालून विहिरीच्या पायवाटेला लागायचं, आणि तिथून धापा टाकत आजींच्या दारात यायचं. ऋतिका कपाळावर पाणी शिंपडून घ्यायची, म्हणजे घाम दिसेल. ओम तर दारात आल्यावर एकदा भिंतीला धरून बसला. मला ते जरा जास्त वाटलं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आम्ही हंडे उतरवत होतो तेव्हा आजी ओटीवरून म्हणाल्या, "उद्यापास्नं एवढ्या धापा टाकू नका. जानूच्या गोठ्यातनं हितं यायला कितीसा येळ लागतो?"

आमच्या धापा आपोआप थांबल्या. मी विचारलं, कधी कळलं. त्या म्हणाल्या, पहिल्याच घोटाला. "पन्नास वर्सं ज्या झऱ्याचं पाणी पिते, त्याची चव मला कळायची नाय? झरा आमचाच हाय. गोठा त्याचा आसंल."

मग मी खाली बसले आणि जे एप्रिलमध्ये म्हणायला हवं होतं ते म्हटलं. चुकलं, तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. त्यांनी डाव्या हाताने पदर सारखा केला आणि मला सांगितलं, की वाडीत नवी सून आली की सासू तिला पहिल्या पाण्याला झऱ्यावर नेते आणि तो दगड दाखवते: याला हलवायचं नाही. त्यांना त्यांच्या सासूने दाखवला. त्यांनी तुला दाखवला. (आत्या, मी तोंड उघडलं नाही. पण तू फोन का उचलत नाहीस ते मला त्या ओटीवर कळलं. तुला माझा राग आला असेलच; पण तुला ते आठवलं असणार, आणि फोनवर "करू द्या पोरांना" म्हणालेलं सुद्धा.) मी विचारलं, दगड का हलवायचा नाही ते मला तेव्हा का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं म्हाईत? आमाला कुणी कारण नाय सांगितलं. आमी नुसतं ऐकलं."

शेवट काय झाला तेही लिहिते. कोंडाजीबाबांनी दगड परत लावून चिकणमातीने लिंपून पाहिला. पाणी फिरलं नाही. मी जानूबाबांकडे गेले, गोठ्यातून बाहेर एक नळी काढून द्याल का म्हणून. ते म्हणाले, "मी तर पैल्या दिवशीच देनार व्हतो. मला कुणी इचारलं नाय." आता नळीचं तोंड दोन्ही घरांच्या मधल्या बांधावर आहे, त्याच आंब्याखाली. आजी पलीकडे जात नाहीत, ते अलीकडे येत नाहीत, पाणी मात्र मधे पडतं. प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघालं. डॉक्टर गरम पाण्याचा शेक द्या म्हणाले, तर आजींनी सवच्या गरम झऱ्याच्या कुंडाचंच पाणी हवं असा हट्ट धरला. दोनदा नेऊन आणलं. हात वाकडा बसलाय, आत्या. थोडाच, पण बसलाय. भाकरी करता येते, पण एका बाजूला जाड होते. त्यांनी मला वाढली तेव्हा जाड बाजू स्वतःकडे ठेवली.

पाणी भरल्याचे तास आम्ही वहीत लिहिलेले नाहीत. ऋतिका म्हणाली, आपणच सांडलेलं पुसलं तर त्याला सेवा म्हणत नाहीत. चिंतनाच्या चौकटीत मी हे सगळं लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि त्या म्हणाल्या, असंच राहू दे. चौकट चार ओळींची होती, मी सहा पानं जोडली आहेत.

मला माफ कर असं लिहायला मी बसले होते, पण हात आजींचा मोडलाय, तेव्हा माफी तुझ्याकडे मागून भागेल असं वाटत नाही. मंगेशकाकांना नमस्कार. तुझ्या पाठीला जप.

तुझीच, अजून भाची म्हणवून घेणारी,
प्रियदर्शिनी

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. 'लाभार्थी कुटुंबाचा अभिप्राय' असं त्यावर लिहिलंय, ते मी लिहिलेलं नाही. त्यावर कुटुंबातल्या कोणाची तरी सही लागते आणि आजी म्हणतात, सही सूनबाय करील. कागद द्यायची शेवटची तारीख वीस जून आहे. मी पत्र यासाठी लिहिलं असं कृपा करून समजू नकोस, जरी लिहायला आज बसले ती त्या तारखेमुळे. अभिप्राय काय वाटेल तो लिही. खरा लिहिलास तरी चालेल.

ता. क. दुसरा. सही नाही केलीस तरी एक कर. काल निघताना बनुआजींनी मला हाताला धरून थांबवलं आणि विचारलं, "रूपाली माझ्यावर रागावली काय गो? पडले म्हणून? ती सांगायची, उतारावर जाऊ नका." दीड महिना तुझा फोन नाही याचं त्यांनी हे कारण काढलंय. मी म्हटलं, तसं काही नाही. त्यांना पटलं नाही. त्यांना फोन लाव, आत्या. त्या डाव्या हाताने उचलतात आणि हिरवं बटण शोधायला त्यांना वेळ लागतो, तेव्हा जरा जास्त वाजू दे.