अकरा दिवसांची नोकरी

१४ मार्च, दुपार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. तेव्हा काळजी नसावी.

तुझं पत्र वाचून संताप आला. नव्या मुलीला पहिल्या दिवशी फुगे लावून टाळ्या वाजवल्यात, आणि दुसऱ्या दिवशी तिला बसायला धड खुर्ची नाही! वर मलाच विचारतेस, "मावशी, आठ दिवस झाले, ती तोंड उघडत नाही. काढून टाकू का?" अगं, ग्रंथालयात माझ्या खुर्चीवर बसलीस, नोंदणी विभागाची प्रमुख झालीस, की फौजदार?

माझ्या गच्चीवरची टोमॅटोची रोपं बघ. उन्हं उतरल्यावर लावायची, चार दिवस सावलीत ठेवायची. आधी ती मान टाकतातच. माती दाबायची, पाणी घालायचं आणि गप्प बसायचं. यातलं शेवटचं मला साठीनंतर जमलं. तोवर मी रोज रोप अलगद उपटून बघायची, मूळ धरलं का म्हणून. रोपं मरायची आणि मी रोपवाल्याशी भांडायची.

हल्ली दुपारी कुंड्यांपाशी डोळा लागतो. ग्रंथालयाचा तो लांब हॉल दिसतो. पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे खण आपोआप उघडतात. आत ओली माती, आणि प्रत्येक कार्डाला खाली पांढरी, केसासारखी मुळं. एक हात ती एकेक करून उपटत असतो. बाहीवरून कळतं, हात माझाच आहे.

तू लिहिलंस, "ती घरी गेली की मी तिच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासते, तुझ्याकडूनच शिकले." ते वाचलं आणि हातातला चहा निवून गेला.

तुझी आई माझ्या हाताखाली अकरा दिवस होती, हे तुला ठाऊक आहे. "धाकटीला जमलं नाही," हे घरभर मीच सांगितलं. शाळेत नन्सनी आम्हाला ओळ सरळ ठेवायला शिकवलं. मी मात्र शिकले की माझी तेवढी सरळ, बाकी जगाची वाकडी. रोज ती गेली की तिने लावलेली कार्डं मी काढायची आणि पुन्हा लावायची. अकराव्या दिवशी ती विसरलेली छत्री न्यायला परत आली. दारातच थांबली.

"ताई, मग मी दिवसभर काय केलं?"

मी म्हटलं, "दार लाव, वारा येतोय."

ठमे, तिचं एकही कार्ड चुकलेलं नव्हतं. एकही नाही. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. तिने पुन्हा कुठेच नोकरी केली नाही. लग्नकार्यात भेटलो की आम्ही एकमेकींना "बरी आहेस ना" म्हणतो आणि पंगतीत लांब लांब बसतो.

तर उद्या त्या मुलीला खिडकीपाशी जागा दे. तिच्या नोंदी तिच्यासमोर बघ. बरोबर असतील तर तसं बोलून दाखव, जीभ झिजत नाही. आणि संध्याकाळी तिच्याआधी घरी जा.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस, तू मधलं गाळशील. तिच्या चष्म्यापाशी उघडं ठेव आणि तू खोलीबाहेर जा.

तुझी मावशी,
आणि तिने अजून मानलं तर, तिची ताई