खुदाकरमचा वाटा

३ इस्फंद
हिवाळा सरता सरता पोचले एकदाची झायंदेरुद नदीच्या काठी! बीबी सनोबरनं दारातच गरमागरम आश, डाळ-पाल्याचं दाट सूप, वाढलं आणि, शेतकीच्या इंजिनीअरबाई फारच वाळक्या निघाल्या की, म्हणून चिडवलं. गेल्या वसंतात तिच्या बदामबागेचा सगळा बहर बुरशीनं फांदीवरच करपला. यंदाही गेला तर बाग तोडायची, असा तिच्या दिरांनी धोशा लावलाय. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. झाडावर राहिलेले वाळके बदाम झोडायचे, जाळायचे. रोगट फांदी डागापासून वीतभर खोडाकडे छाटायची. मग मोरचूद फवारायचा. बुरशीची काय बिशाद!

८ इस्फंद
बाग लख्ख झाली. फक्त विहिरीजवळचं झाड काळ्या बदामांनी लगडलेलं आहे. ते बीबीच्या नवऱ्यानं, खुदाकरमनं लावलेलं. तो गेल्यापासून या घरात त्याच्या झाडाला कुणी हात लावत नाही, ते बदाम म्हणे त्याचा वाटा. मी म्हटलं, सगळी बुरशी तिथंच झोपलीय. बीबी कडाडली, मेलेल्याच्या तोंडचा घास काढतेस? तू काल आलेली पोर!

११ इस्फंद
बीबी बाजाराला गेली तशी काठी उचलली आणि झोडलं झाड. सगळं जाळलं. बरं केलं! परतल्यावर ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आता तो कुठून घेईल ते तूच बघ गं बाई.

१३ इस्फंद
झाड पुन्हा लगडलंय. गड्यांना फैलावर घेतलं, तर आम्ही हातही लावला नाही, अशा शपथा घ्यायला लागले. परत झोडलं. मी काय हार मानणार? झोडताना उजव्या हाताला चिकटलेला झाडाचा डिंक मात्र रॉकेलनंही निघेना.

१६ इस्फंद
झाड रिकामं! बागभर कळ्या फुगल्यात, निरोगी. जिंकले. पण हा डिंक झाडाचा नाही — नखांखालून येतोय.

१८ इस्फंद
मनगटावर राखाडी भुकटी. करपलेल्या फुलांवर असते तीच. बीबी रडली, म्हणाली, पोरी, पळ इथून. कुठं पळू? या खोऱ्यात जाईन तिथं बदामच. वाऱ्यानं ही भुकटी उडाली की बहर गेलाच — आणि उद्या फुलं उमलणार.

१९ इस्फंद
डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हातावर चढणारी डागाची तपकिरी रेघ कोपराखाली आहे — अजून तरी. विहिरीकडून काठीचा आवाज. जवळ येतोय. ये, खुदाकरम! बाग तुझी होती, बहर माझा आहे. वाटा हवाय ना? राखेतून वेच. बीबीनं जाळ पेटवलाय, माझ्या उजव्या दंडाला दोरी आवळलीय. डागापासून वीतभर, खोडाकडे. लेखणी ठेवते, याच हातात करवत —