चिलीम कोणासाठी सुटली

प्रिय शारदे,

तुले, जावईबापूले अन् माझ्या नातीले, सोनी स्नेहलतेले आशीर्वाद. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असतील; सासूबाईपुढं मोठ्यानं वाचू नको.

इकडं धामणगावात हरभरा घाट्यावर आला. भुरी गाय व्याली, कालवड झाली, तुझ्या बाबासारखीच हट्टी आहे. अन् खरी आनंदाची गोष्ट म्हणजे तुझ्या बाबानं गांजाची चिलीम फोडली! बारशाले त्यायनं नातीले उचललं अन् तिनं मिशीच्या वासानं तोंड फिरवून कसा टाहो फोडला होता, आठवते? शेजारची जनकाबाई म्हणे, आजोबा, आधी तोंड धुऊन या. साऱ्या बाया हसल्या. तुमची मोटार तुझ्या सासरी दुसरबीडले गेली अन् त्यायनं घरी येऊन पायरीवर चिलीम आपटली.

मी गल्लीत गूळ वाटला. पण बाई, खोटं काऊन बोलू, पोटात जळलं. टीचभर पोरीनं एकदा तोंड फिरवलं अन् सुटली! मी जलमभर भांडली, रडली, माहेरी जाऊन बसली, तर म्हणत, महादेवाचा प्रसाद आहे, तुले काय समजते? काय दिलं त्या प्रसादानं? सकाळी खोकल्याची उबळ अन् काळा बेडका, विहिरीवरून येता येता धाप, छातीत धडधड. कुस्त्या मारणारा गडी, काडी झाला. अन् त्या उलट्या! पोटात घोटभर पाणी टिकत नसे. कढत पाणी अंगावर घेतलं की तेवढ्यापुरतं थांबे, म्हणून मी सदा चुलीपुढं. पारावरचा कडूबा सांगे, गांजानं पोट जाग्यावर येते. मग हे अजून दम मारत अन् अजून ओकत. आता दम बंद, तर उलट्याही बंद! भाकर पचून राह्यली. बुलढाण्याच्या डाक्टरनं मात्र छातीले नळी लावून सांगितलं, फुप्फुस पहिल्यासारखं होणार नाही, पण पुन्हा ओढाल तर उरलंसुरलंही जाईल.

आता दिवसभर एकच, सोनी काय करत असन? मोताळ्याच्या बाजारातून तिच्यासाठी खुळखुळा आणला. मले कधी काचेची बांगडी नाही आणली या माणसानं. परवा कडूबा दारात येऊन म्हणे, शेषराव, बायकोले भेला का बे? तर हे म्हणतात, बायकोले नाही बे, नातीले. आत मी भाकर भाजत होती, ती करपली.

पण शारदे, झोप नाही त्यायले, घाम सुटते, चिडतात. अन् शिवरात्र आली जवळ. त्या दिवशी सारा पार जमते, पहिला दम यांचाच असतो, अन् नाही म्हटलं तर देवाचा अपमान म्हणतात. माझं ऐकणार नाही, ते मले ठाऊक आहे. म्हणून लिहून राह्यली. शिवरात्रीच्या आधी पोरीले घेऊन ये अन् दिवसभर त्यायच्या मांडीवर ठेव. मी जळीन तिच्यावर, खुशाल जळीन. तू फक्त ये.

तुझीच जळकुकडी माय,
गोजरबाई